पास्कलची बिनधुराची शेगडी

आपल्यापेक्षा चांगली कोंबडी भाजतो, एवढ्याच कारणावरून तुम्ही कधी एखाद्या माणसाचा मनापासून हेवा केला आहे का? हसू नका. मी केला आहे. तो माणूस माझ्याच सेक्शनमध्ये होता, माझ्या शेजारच्या खाटेवर झोपत होता. आज तो नाही. हेवा आहे.

मी सदानंद परब, राहणार मुलुंड. पलटणीत माझ्याकडे वायरलेस सेट होता. वडील घाटकोपरच्या एका छापखान्यात कंपोझिटर. आमच्या घरात पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. मोर्च्याची, संपाची, सभेची. उरलेली पत्रकं वडील घरी आणायचे आणि मी ती पाठ करायचो. त्या पत्रकांतून मी एक तत्त्व घेतलं: ज्याचं श्रेय त्याला मिळालंच पाहिजे. हे तत्त्व गिरणीमालकाला ऐकवायला सोपं असतं. शेजारच्या खाटेवरच्या माणसाच्या बाबतीत ते पाळायला किती जड जातं, ते मला लष्करात कळलं.

ऐंशीनंतरची पहिली दोन-तीन वर्षं. आमची कंपनी उत्तरेला एका उंच खोऱ्यात तैनात होती. खाली नाल्याकाठी कंपनीचा बेस, वर कड्यावर एक पुढची चौकी. हिवाळ्यात चौकीवर सहा माणसं राहायची. समोरच्या डोंगरावर शत्रूची चौकी. आमच्या चौकीचा कायदा साधा होता: दिवसा धूर नाही, रात्री उजेड नाही. लाकूड पेटवलं की आकाशात धुराची रेघ उभी राहायची आणि समोरून गोळे यायचे. रॉकेल वर न्यायचं ते खेचराच्या पाठीवर, आणि ते बर्फ वितळवून पाणी करण्यातच संपायचं. कोळशाची पोती मात्र पडून होती. तरी तिथली माणसं डब्यातलं गार खायची आणि थंडीत खंगून खाली यायची.

एके दिवशी फॉल-इनमध्ये मेजरसाहेबांनी सांगितलं, "चौकीवर गरम जेवण पाहिजे आणि धूर नको. कोण करून दाखवतो? सामान चौकीवर सापडतं तेच. भंगार. नवीन काही मिळणार नाही."

साहेबांनी कसोटीही ठरवून टाकली. भाजलेली कोंबडी. "डाळ कोणीही उकळेल," ते म्हणाले. "कोंबडीची चरबी निखाऱ्यावर पडते आणि धूर होतो. ज्यानं तो धूर थांबवला त्याला बाकी सगळं येतं." परीक्षा बडाखान्याला होणार होती. बडाखाना म्हणजे साहेब आणि जवान एका पंगतीला बसून जेवतात तो दिवस.

दोघांनी हात वर केला. मी आणि शिपाई पास्कल परेरा.

आता फीत समजावून सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. त्या वेळी सेक्शनमध्ये लान्स नाईकची एक जागा रिकामी होती. बाहीवर एक फीत. ती ज्याला मिळेल तो हिवाळ्यात चौकीवर हवालदाराच्या हाताखाली दुसरा म्हणून जाणार. बढतीसाठीच्या कॅडर परीक्षेत मी पहिला होतो, पास्कल दुसरा. फीत परबला जाणार हे लंगरातल्या भांड्यांनाही माहीत होतं. आणि मला ती हवी होती. भरती झालो तेव्हा वडील म्हणाले होते, "जन्मभर दुसऱ्याच्या हुकमावर डावा-उजवा करणार तू?" मला त्यांच्यासमोर बाही धरून उभं राहायचं होतं. बस, एवढंच.

पास्कल अंधेरीच्या एका गावठाणातला. जुनं ख्रिस्ती कुटुंब, घरात मराठी. आमच्या दोघांची सुटी एकदमच मंजूर झाली. साहेब म्हणाले, "घरी बसून प्रयोग करा. कोंबड्या स्वतःच्या खर्चानं मारा."

मुलुंडला आमची चाळ. दुसरा मजला, समोर सामाईक गॅलरी. मी वखारीतून कोळसा आणला आणि पहिल्याच दिवशी डालड्याच्या डब्याला खिळ्यानं चारी बाजूंनी भोकं पाडली. मनात हिशोब असा की जितकी हवा तितकी आग, जितकी आग तितका धूर कमी. कोळसा लवकर पेटावा म्हणून वर रॉकेल ओतलं. कोंबडी बाहेरून काळी, आतून लाल, आणि प्रत्येक घासाला स्टोव्हचा वास.

"कोंबो जळलो मरे!" आई म्हणाली. ती मालवणातून आली ती भाषेसकट आली. "ह्याच शिकवतत काय रे तुमका लष्करात?"

पलीकडच्या खोलीतल्या शहाबेन काठी घेऊन बाहेर आल्या. गॅलरीच्या टोकाला त्यांचे पापड वाळत होते. "ए सदा, माझ्या पापडांची वाट लागली ना! हे बघ, काळे ठिपके. हे आता कोण खाणार? तू?"

मी खाल्ले. तत्त्वाचा प्रश्न होता.

दुसरा प्रयोग जस्ताच्या जुन्या बादलीचा. ती तापली तशी तिच्या अंगातूनच पांढरी वाफ यायला लागली. माझ्या तोंडात गोडसर, लोखंड चाटल्यासारखी चव आली आणि संध्याकाळी अंगात कणकण भरली. बादली भंगारवाल्याला दिली. तिसऱ्या प्रयोगाचा मला फार अभिमान होता. कोंबडी एका जागी राहते म्हणून जळते, तर ती फिरत राहिली पाहिजे. मी सायकलच्या तारा जोडून सळई केली आणि ती फिरवायला आईच्या शिवणयंत्राचं हातचाक काढून लावलं. खरंच फिरत होती. आईला ब्लाऊज शिवायचा होता तोपर्यंत फिरत होती.

"माझ्या मशीनचा चाक खंय गेला?"

"आई, पाच मिनिटं. देशाचं काम आहे."

"देशाक सांग स्वताचा चाक आणूक."

दर रविवारी मी माझी कोंबडी डब्यात घालून पवईमार्गे बसनं अंधेरीला जायचो. पास्कलच्या अंगणात दोघांच्या कोंबड्या समोरासमोर ठेवून निकाल लावायचा, असं आमचं ठरलं होतं. बसचा कंडक्टर मला ओळखायला लागला. "काय रे फौजी, आज पण जळकी का?" असं तो भर बसमध्ये विचारायचा.

पास्कलचं घर कौलारू, पुढे ओटा, अंगणात विहीर. वडील तो लहान असतानाच गेलेले. घरात आई आणि तो. मी त्यांना मावशी म्हणायचो. त्या पास्कलला पास्कू म्हणायच्या. पहिल्या रविवारी मी गेलो तेव्हा पास्कल ओट्यावर पाय सोडून शीळ वाजवत बसला होता.

"किती भोकं मारलीस?" त्यानं विचारलं.

"छत्तीस."

"माझी दोन."

"प्रयोग कर की. बसलायस काय?"

"चाललाय ना प्रयोग. तू येईपर्यंत ती शिजतेय का ते बघतोय."

अंगणात कुठेही धूर नव्हता. मला वाटलं, अजून पेटवलंच नाही. मग त्यानं दाखवलं. तेलाचा पंधरा किलोचा चौकोनी डबा, आडवा पाडलेला. असे डबे आमच्या लंगरामागे ढिगानं पडलेले असायचे. एक बाजू कापून वरचं तोंड उघडं केलेलं, हवेसाठी दोन टोकांना एकेक भोक. निखारे मध्ये नव्हतेच. ते दोन्ही कडांना, दोन ओळींत. मधली जागा मोकळी आणि तिथं एक जुनं जर्मनचं ताट. त्याच्यावर पाठीतून चिरून सपाट केलेली कोंबडी, सायकलच्या तारांवर. चरबी गळत होती ती ताटात. निखाऱ्यावर थेंब पडत नव्हता, म्हणून धूर नव्हता. वर झाकण म्हणून दुसऱ्या डब्याचा पत्रा. कोळसाही त्यानं आधी बाहेर, नारळाच्या सोडणावर पेटवून घेतला होता आणि राखेनं पांढरा झाल्यावरच आत भरला होता.

मला चीड आली. शेगडी चांगली होती म्हणून नव्हे, ती इतकी सोपी होती म्हणून. ती मला सुचायला हवी होती. नकाशावाचनात मी पहिला, वायरलेसमध्ये मी पहिला, आणि हा शीळ वाजवणारा माणूस दोन भोकं पाडून मोकळा.

मावशींनी कोंबडीला त्यांचा बाटली मसाला चोळला होता. त्यांच्याकडे बायका उन्हाळ्यात मसाला कांडतात आणि काळ्या बाटल्यांत ठासून भरतात, तो. मी एक तुकडा खाल्ला आणि दुसरा मागायचा नाही असं ठरवलं. मग मागितला.

"खा रे सदा," मावशी म्हणाल्या. "पास्कूला पयल्यापासून आळस. आळशी माणसाला सोप्पं सुचतं."

"आणि हुशार माणसाला छत्तीस भोकं सुचतात," पास्कल म्हणाला.

वारा सुटला, राख उडायला लागली. शेगडी ओट्यावरून आतल्या खोलीत घ्यावी म्हणून मी ती उचलली. मावशी दारात आडव्या उभ्या राहिल्या.

"पेटती शेगडी आत नाय न्यायची. न्यायची तर दार सताड उघडं पायजे."

"पण मावशी, धूर कुठे आहे?"

"धूर नाय म्हणून तर. धूर असला तर माणूस खोकतो, उठून बसतो. ह्यो कोळसा खोकू पण देत नाय."

पास्कलनं माझ्या हातातली शेगडी घेतली आणि परत अंगणात ठेवली. आईच्या या बोलण्यावर तो कधी थट्टा करायचा नाही.

त्या दिवशी बसमधून परतताना मनात आलं की चोरावी. तेलाचा डबा मुलुंडलाही मिळतो. पण वडिलांनी जुळवलेली ती सगळी पत्रकं डोळ्यांसमोर उभी राहिली आणि मी चोरली नाही. माझी फिरती सळईच सुधारत बसलो. चोरली नाही म्हणून हेवा कमी होतो, असं मात्र कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. तो वाढतो.

बडाखान्याच्या दिवशी ऊन होतं. बेसवरच्या मैदानात दोन शेगड्या मांडल्या. एक नंबर माझी, दोन नंबर पास्कलची. सुभेदारसाहेबांना दुर्बीण आणि एक वायरलेस सेट देऊन समोरच्या उतारावर पाठवलं होतं. शत्रूच्या डोळ्यांनी बघायचं आणि धूर दिसला तर कळवायचं. दुसरा सेट मेजरसाहेबांच्या टेबलावर, आवाज मोठा करून ठेवलेला.

"नंबर एक दिसतोय. पातळ धूर आहे, निळसर. ओव्हर."

"नंबर दोन सांगा. ओव्हर."

जरा वेळ खरखर झाली. मग सुभेदारसाहेबांचा वैतागलेला आवाज आला, "नंबर दोन अजून पेटवलाच नाही का? जेवायची वेळ झाली. ओव्हर."

अख्खी कंपनी हसली. पास्कलनं झाकण काढलं तेव्हा कोंबडी तयार होती.

आठवड्याभरात हुकूम निघाला. लान्स नाईक पास्कल परेरा. मेजरसाहेबांनी मला बोलावून घेतलं. "परब, तू नकाशा त्याच्यापेक्षा चांगला वाचतोस. पण हिवाळ्यात चौकीवर माणसं भुकेली असतात. तू खाली सेटवर राहा." मी सॅल्यूट केला.

बराकीत पास्कल बाहीला फीत टाचत बसला होता.

"झकास," मी म्हटलं.

"रागावलास."

"नाही."

"रागावलास यार. तुझ्या कानाच्या पाळ्या लाल झाल्यात."

"थंडी आहे."

"पुढच्या वर्षी तुझी. मग मी खाली बसेन आणि तुझी कटकट सेटवर ऐकेन." त्यानं सुई माझ्यापुढे धरली. "सरळ टाच रे. मला जमत नाही."

मी टाचली. सरळ टाचली.

पहिला बर्फ पडायच्या आत चौकीची तुकडी वर गेली. हवालदार साळुंखे चौकीप्रमुख, पास्कल दुसरा, खाली चार शिपाई. खेचरांवर रेशन, कोळसा आणि टोपल्यांत जिवंत कोंबड्या. चौकीवर दगडी भिंतींचे आणि पत्र्याच्या छपराचे तीन बंकर होते: एक साळुंख्यांचा, तिथेच सेट, एक झोपायचा, एक स्वयंपाकाचा. पास्कलनं पोचल्यावर सगळ्यात आधी स्वयंपाकाच्या बंकरच्या मागच्या भिंतीत वीतभर भोक पाडलं आणि त्याला आडवी फळी लावली. हवा जावी, उजेड जाऊ नये.

संध्याकाळचा रिपोर्ट मी घ्यायचो. कंपनीचं नाव सेटवर वन, चौकीचं वन-अल्फा. साळुंखे नियमानं बोलायचे. मग पास्कल माईक घ्यायचा.

"आज कोंबडी. खाली वास येतोय का? ओव्हर."

"नियमात बोल. ओव्हर."

"नियमात वास येतोय का? ओव्हर."

मागे लंगरातली माणसं जमलेली असायची. ती हसायची. त्यांना माझा आवाज ऐकायचा नसायचा, त्याचा ऐकायचा असायचा. मी सेटचा मालक आणि ऐकणारे त्याचे. श्रेय ज्याचं त्याला, म्हणून इथं नोंदवतो: त्या हिवाळ्यात चौकीवरचा एकही माणूस खंगून खाली आला नाही. समोरून धुरामुळे एकही गोळा आला नाही. खाली ही बातमी मीच लिहून साहेबांना द्यायचो, आणि प्रत्येक वेळी वाटायचं, हे माझ्याबद्दल कोणीतरी लिहायला हवं होतं.

मग सलग बर्फ लागला. त्या संध्याकाळी साळुंख्यांनी कळवलं, "झोपायच्या बंकरचं छप्पर वाकलंय. तीन माणसं स्वयंपाकाच्या बंकरमध्ये हलवली. ओव्हर."

"रॉजर. बाकी? ओव्हर."

माईक पास्कलनं घेतला. "बाकी ठीक. तिघांना सांगितलंय, भोक मोकळं ठेवा. माझी पहाटेची ड्यूटी आहे. उद्या बोलू. ओव्हर."

"रॉजर. आउट," मी म्हटलं. सेटवर बोलणं असंच संपवतात.

सकाळी सहाच्या चेकला साळुंख्यांचा आवाज आला. ते धापा टाकत होते.

"वन, वन-अल्फा. चार कॅज्युअल्टी. फायर निगेटिव्ह. ओव्हर."

"चार कॅज्युअल्टी, फायर निगेटिव्ह. गोळीबार नाही, मग कशामुळे? ओव्हर."

"कळत नाही. तिघं उलट्या करतायत. बोलता येत नाही त्यांना. पण जिवंत आहेत. ओव्हर."

"चौथा कोण? ओव्हर."

सेट नुसता खरखरत राहिला.

"चौथा कोण? ओव्हर."

"लान्स नाईक. ओव्हर."

"लान्स नाईकची कंडिशन सांगा. ओव्हर."

"माणसं पाठवा, परब," साळुंखे म्हणाले. ते ओव्हर म्हणायचं विसरले.

मेजरसाहेब, नर्सिंग असिस्टंट, सहा जवान आणि पाठीवर सेट घेऊन मी. बर्फ कमरेपर्यंत. सेट मी दुसऱ्या कोणाला दिला नाही. वर पोचलो तेव्हा सूर्य डोक्यावर आला होता.

काय झालं ते जागा बघून आणि नंतर वाचलेल्यांकडून कळलं. तिघं शिपाई स्वयंपाकाच्या बंकरमध्ये झोपले. जेवण झाल्यावर ऊब राहावी म्हणून शेगडीत उरलेला कोळसाही भरला. मागच्या भोकातून बर्फाची भुकटी तोंडावर येत होती. त्यांच्यातल्या शिपाई कदमनं कोळशाचं रिकामं पोतं दुमडून भोकात कोंबलं. त्यानं ते माझ्यापासून लपवलं नाही. म्हणाला, "परब, धूर नव्हता रे. धूर नाही तर कशाची भीती?" सगळी चौकी धुराला घाबरायला शिकली होती. धूर दिसला की गोळा. धूर नाही म्हणजे सगळं ठीक. आमच्यासारखी माणसंच ही चूक करू शकतात.

पहाटे पहारा चौथ्या शिपायाकडे देऊन पास्कल चहा ठेवायला आला. दार बर्फानं चिकटलं होतं. हाका मारून आतून उत्तर आलं नाही. त्यानं रायफलच्या दस्त्यानं दार फोडलं. दार कसलं, रांगत जायची फट. तो आत गेला आणि एकाला ओढत बाहेर आणलं. त्याच्यावर स्वतःचा कोट टाकला. परत गेला, दुसऱ्याला आणलं. मग साळुंख्यांना हाक मारली आणि त्यांची वाट न बघता पुन्हा आत शिरला. कदम तिघांत सगळ्यात जड. त्याला ओढता येईना, म्हणून पास्कलनं त्याला मागून ढकललं असावं. साळुंखे धावत आले तेव्हा कदम पूर्ण बाहेर होता. पास्कलचे हात उंबरठ्यावर होते. डोकं आत होतं.

नर्सिंग असिस्टंट म्हणाला, उंचीवर हवा आधीच पातळ, त्यात एवढी ओढाओढ; कोळशाच्या तसल्या विषारी हवेचे थोडेच श्वास पुरतात.

मी बंकरमध्ये गेलो. शेगडी जागेवर होती. दोन्ही ओळींत करडी राख, मधल्या ताटात गोठलेली चरबी. भोकातलं पोतं कोणी काढलं नव्हतं. मी ते ओढून काढलं. आत हवा आली.

पास्कलला खाली आणताना माझे बूट भिजले आणि गोठले. उजव्या पायाची दोन बोटं गेली. पण ते नंतर.

चौकशी झाली. निष्कर्ष एक शब्दाचा: अपघात. आमच्या क्वार्टर गार्डजवळ, म्हणजे पलटणीच्या पहाऱ्याच्या खोलीजवळ, काळा बोर्ड होता. त्यावर पांढऱ्या रंगानं पलटणीत कामी आलेल्यांची नावं. पास्कलचं नाव त्यावर आलं नाही. मी मेजरसाहेबांकडे गेलो.

"बोर्ड शत्रूच्या हातून गेलेल्यांचा आहे, परब. नियम आहे."

"साहेब, तो तिघांना बाहेर काढताना गेला."

"मला माहीत आहे."

"मग नियम चुकीचा आहे, साहेब."

साहेबांनी समोरची फाईल बंद केली. मग म्हणाले, "जा तू." त्यांचा आवाज चढला नव्हता.

जागा रिकामी झाली होती. लान्स नाईकची फीत मला मिळाली. हुकूम होता म्हणून मी ती टाचली. सुटीवर गेलो तेव्हा वडिलांनी बाहीकडे बघून विचारलं, "मिळाली?" मी म्हटलं, "जागा रिकामी झाली." त्यांना सगळा प्रकार सांगितला. पुढे पायामुळे मला मेडिकल बोर्डानं घरी पाठवलं, तेव्हा वर्दी ट्रंकेत गेली.

वाचलेले तिघं दरवर्षी सुटी जुळवून अंधेरीला येतात. येताना एक कोंबडी आणतात. मीही जातो. अंगणात तेलाच्या डब्याची शेगडी लागते. मागच्या खेपेला मी निखारे भरायला पुढे झालो तर कदम म्हणाला, "परब, तू बाजूला बस. तुला जमत नाही, सगळ्या कंपनीला माहीत आहे." सगळे हसले. मावशीही हसल्या.

कोंबडी झाली की मावशी वाढतात. पहिली तंगडी कदमला. भोकात पोतं कोणी कोंबलं ते त्यांना ठाऊक आहे. कदमनं स्वतः येऊन, ओट्यावर बसून, सगळं सांगितलं होतं. त्या दिवशी त्या एवढंच म्हणाल्या होत्या, "दमलास. जेवून घे." आणि तेव्हापासून पहिली तंगडी त्याची.

मी ताट घेऊन बसतो आणि हेवा करतो. कदमचा करतो, कारण त्याला पास्कलनं हातानं ढकलून आयुष्य दिलं आणि मला फक्त एक फीत मिळाली. मावशींचा करतो, कारण त्यांना जे जमलं ते मला जमत नाही. कदमच्या तोंडाकडे मी अजून सरळ बघू शकत नाही. आणि पास्कलचा करतो. त्याला ते दार दिसलं आणि काय करायचं ते लगेच सुचलं. नेहमीसारखं सोपं. मी असतो तर आधी सेटवर कळवलं असतं, हुकमाची वाट बघितली असती. तेवढ्यात तिघं गेले असते. हे मला माहीत आहे आणि हे माहीत असणं बरं नाही.

पण हेवा हा माझा प्रश्न आहे. बोर्ड हा आपल्या सगळ्यांचा आहे. माणूस कोणत्या कारणानं मेला यावरून त्याचं नाव लिहायचं की नाही हे ठरवणारा नियम मला मान्य नाही. बर्फात गेलेले, दरीत गेलेले, नदी ओलांडताना गेलेले, आणि असे, दुसऱ्याला बाहेर काढताना आत राहिलेले. ते हुकमावरच वर गेले होते. समोरून गोळी आली नाही, हा त्यांचा गुन्हा नाही.

मुलुंडला, घाटकोपरला, बोरिवलीला, प्रत्येक नाक्यावर एखाद्या मंडळाचा फळा असतो. सव्वीस जानेवारीला आणि पंधरा ऑगस्टला त्यावर जवानांना आदरांजली लिहिली जाते. माझी तुम्हाला विनंती आहे. येत्या वेळी तुमच्या मंडळाच्या पोरांकडून खडू मागून घ्या. तुमच्या वस्तीतला असा कोणी असेल तर त्याच्या घरी जाऊन नाव नीट विचारून घ्या आणि ते लिहा. कोणी नसेल तर हे लिहा: लान्स नाईक पास्कल परेरा, अंधेरी. खाली अपघात लिहू नका. लिहा: तिघांना बाहेर काढलं.